धाराशिवच्या बायांचं देणं

एप्रिल 2009 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या जगातल्या अव्वल वैद्यकीय नियतकालिकात एक शोधनिबंध आला. त्यात हिशेब होता तो आपल्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या धाराशिवमधल्या, 1 लाख 31 हजार 746 बायकांचा. तीस ते एकोणसाठ वयाच्या, धडधाकट, शेतात राबणाऱ्या, घर सांभाळणाऱ्या बायका. गर्भाशयमुखाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू एका तपासणीनं कमी होतात का, या प्रश्नाचं उत्तर जगाकडे नव्हतं. ते या बायकांनी दिलं. त्या उत्तराचा दाखला देत आज देशोदेशीची सरकारं आपापली धोरणं आखतात. आणि ज्या मातीतून हे उत्तर निघालं, तिथल्या लेकीसुनांना विचारा, ‘तुमची ही तपासणी झाली आहे का?’ बहुतेकींना अशी तपासणी असते हेच माहीत नसतं.

या गोष्टीची चीड यायला हवी. ती यावी म्हणूनच हे लिहितो आहे.

आधी अभ्यास काय होता ते पाहू. बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचं टाटा स्मारक रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. सुरुवात 1999 ची. जिल्ह्यातल्या गावांचे 52 गट पाडले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ते चार भागांत वाटले. एका भागातल्या बायकांची एचपीव्ही या विषाणूसाठी एकदाच तपासणी झाली. दुसऱ्या भागात पेशींची तपासणी म्हणजे पॅप स्मिअर झाली, तिसऱ्या भागात व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी. चौथ्या भागात नेहमीची व्यवस्था तशीच राहिली, वेगळी तपासणी काही नाही. मग आठ वर्षं पाठपुरावा झाला. कुणाला कर्करोग निघाला, कोणत्या टप्प्यावर निघाला, कोण दगावलं, सगळं गावोगाव नोंदलं गेलं.

निकाल आला तेव्हा एचपीव्ही तपासणीच्या भागात 34 हजारांवर बायका होत्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगानं गेलेल्या 34. काहीच तपासणी नसलेल्या भागात साडेएकतीस हजारांच्या आसपास बायका आणि मृत्यू 64. पुढच्या टप्प्यावर पोचलेला, हाताबाहेर चाललेला कर्करोग एचपीव्ही तपासणीच्या भागात 39 जणींना, तपासणी नसलेल्या भागात 82 जणींना. आयुष्यात फक्त एकदा केलेल्या तपासणीनं मरण जवळजवळ निम्म्यावर आलं.

आणखी एक आकडा आहे, त्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. तपासणीला बोलावलेल्या बायकांपैकी सुमारे 80 टक्के आल्या. पंचवीस वर्षांपूर्वी, दुष्काळी पट्ट्यात, घरचं काम आणि मजुरी बुडवून! ‘आपल्याकडच्या बायका लाजतात, अशा तपासणीला येतच नाहीत’ हे वाक्य ज्या ज्या कार्यालयात उच्चारलं जातं, तिथल्या भिंतीवर हा आकडा लावला पाहिजे. नर्सबाई घरी येऊन नीट समजावून सांगते, तपासणी गावाजवळ होते, आडोसा असतो आणि पुढच्या उपचारांची हमी असते, तेव्हा बाया येतात. यातलं काहीच नसतं तेव्हा येत नाहीत. मग दोष लाजेचा कसा?

आता आजचं चित्र. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019 ते 21 च्या फेरीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांना विचारलं गेलं की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कधी तरी झाली आहे का. देशभरात ‘हो’ म्हणणाऱ्या दोन टक्केही भरल्या नाहीत. भारतात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा कर्करोग होतो आणि पाऊण लाखाहून अधिक त्यानं जातात. 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं 2030 सालासाठी लक्ष्य ठेवलं: नव्वद टक्के मुलींना लस, सत्तर टक्के बायकांची पस्तिशीच्या आत एकदा आणि पंचेचाळिशीच्या आत पुन्हा एकदा तपासणी, आणि दोष सापडलेल्या नव्वद टक्के बायकांना उपचार. कुठे सत्तर आणि कुठे दोन!

हा रोग इतका सावकाश येतो की त्यानं मरावं लागणं ही निव्वळ हेळसांड आहे. एचपीव्हीचा संसर्ग लैंगिक संबंधातून होतो, आणि तो इतका सर्रास आहे की त्यात कुणाच्या चारित्र्याचा प्रश्नच येत नाही; नवऱ्याशिवाय कुणाला न ओळखणाऱ्या बाईलाही तो होतो. बहुतेकींचं शरीर वर्षा-दोन वर्षांत त्याला हुसकावून लावतं. काहींच्या अंगात मात्र तो ठाण मांडतो, आणि पेशी बिघडून कर्करोग व्हायला पुढे दहा, पंधरा, कधी वीस वर्षं लागतात. एवढ्या काळात त्याला गाठायची संधी पुन्हा पुन्हा मिळते. आपण ती दवडतो, कारण या काळात दुखत काहीच नाही. पुढे अंगावरून घाण वासाचं पाणी जाऊ लागतं, पाळी गेल्यावरही रक्त दिसतं, संबंधानंतर रक्त जातं. आपली बाई तेही अंगावर काढते. पेरणी होऊ दे, लेकीचं लग्न होऊ दे, दिवाळी होऊ दे. ती केसपेपर काढते तेव्हा रोग ओटीपोटात पसरलेला असतो.

तपासणी तरी किती मोठी? बाई टेबलावर झोपते. सिस्टर स्पेक्युलम लावून पिशवीचं तोंड उजेडात आणते. तीन ते पाच टक्क्यांच्या अ‍ॅसिटिक आम्लात, म्हणजे साध्या भाषेत व्हिनेगरमध्ये, भिजवलेला कापसाचा बोळा तिथे लावते आणि मिनिटभर थांबते. निरोगी भाग गुलाबीच राहतो. पेशी बिघडल्या असतील तिथे पांढुरका डाग उठतो, कडा स्पष्ट दिसणारा. डाग लहान आणि साधा असेल तर हातात मावणाऱ्या, बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रानं तो भाग तिथेच भाजून काढता येतो. भूल नको, टाका नको, बाई तासाभरात चालत घरी. एचपीव्हीची तपासणी याहून सोपी. ब्रशनं नमुना घ्यायचा आणि प्रयोगशाळेत पाठवायचा. हा नमुना बाई आडोशाला जाऊन स्वतःचा स्वतःही घेऊ शकते, आणि जागतिक आरोग्य संघटनेनं त्याला मान्यता दिलेली आहे.

मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयानं 1998 पासून झोपडपट्ट्यांमध्ये असाच मोठा अभ्यास केला. दीड लाखाच्या आसपास बायका. व्हिनेगरची तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, नर्सही नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या, त्याच वस्त्यांतल्या बायका होत्या, महिनाभराचं प्रशिक्षण घेतलेल्या. दर दोन वर्षांनी तपासणी झाली, अशा चार फेऱ्या. बारा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर या कर्करोगाचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटलेले दिसले. 2013 मध्ये शिकागोच्या परिषदेत डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी हे मांडलं. ही पद्धत देशभर राबवली तर भारतात वर्षाला सुमारे 22 हजार मृत्यू टळतील, असा त्यांच्या गटाचा अंदाज होता.

इथे एक खोच आहे आणि ती समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. उस्मानाबादच्या अभ्यासात व्हिनेगरच्या एकाच फेरीनं मृत्यूंमध्ये ठोस घट दिसली नव्हती. मुंबईत दिसली ती दर दोन वर्षांनी परत परत, सरावलेल्या हातांनी आणि कडक देखरेखीखाली तपासणी झाली म्हणून. याचा सरळ अर्थ असा की बॅनर लावून, पाहुण्यांचे सत्कार करून, दिवसभरात दोनशे बाया ‘उरकणारं’ शिबिर घेतलं तर वर्तमानपत्रात फोटो येईल, पण जीव वाचतीलच असं नाही. एचपीव्हीची चांगली तपासणी आयुष्यातून एकदोनदा झाली तरी पुरते. व्हिनेगरची करायची तर ती नेमानं करावी लागते. आणि दोन्हींत डाग किंवा विषाणू सापडलेल्या बाईला पुढे कुणी नेलं, तिचे उपचार झाले का, याची नोंद नसेल तर सगळं मुसळ केरात. शिबिरांचं कौतुक आता पुरे.

तपासणी पोचत नाही तिथे भीती पोचते, आणि भीतीचा बाजार मांडणारे बसलेलेच असतात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांचं प्रकरण 2019 मध्ये विधिमंडळात गाजलं. सुमारे 82 हजार ऊसतोड बायकांच्या पाहणीत 13 हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. कित्येक जणी ऐन तिशीतल्या. अनेकींनी सांगितलं, अंगावरून पांढरं जातं म्हणून दवाखान्यात गेलो तर ‘पिशवी काढा, नाही तर कॅन्सर होईल’ असं घाबरवलं. मुकादमाचा खाडा, उसन्या पैशांतून ऑपरेशन, पुन्हा कोयता. यातल्या किती जणींना साध्या औषधानं बरं वाटलं असतं? कर्करोगाची शंका असेल तर ती आधी तपासून पाहायची असते, हे त्या बाईला कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या हातात तपासणीचा कागद असता, तर ‘काय निघालं ते दाखवा’ असं तिला म्हणता आलं असतं.

बायांनो, हे वाक्य पाठ करा. काय निघालं ते दाखवा. पिशवी काढायला सांगणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला हे विचारा. चांगला डॉक्टर रागावणार नाही. जो रागावेल त्याच्याकडून उठून या आणि दुसऱ्याला विचारा.

आता थोडं कडू बोलायला हवं, कारण संशोधनाची आरती ओवाळायला हा लेख नाही. तपासणी न मिळालेल्या भागात ज्या 64 बाया गेल्या, त्याही कुणाच्या तरी आया होत्या. त्यांना तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, हा वाद पुढे जोरात झाला. पाश्चात्त्य देशांत पॅप स्मिअर कित्येक दशकं चालू असताना गरीब भारतीय बायकांचा एक गट तसाच ठेवला, असा टीकाकारांचा आक्षेप. नेहमीच्या व्यवस्थेत तपासणी नव्हतीच, आणि पुरावा नसताना सरकार ती सुरूही करणार नव्हतं, असा संशोधकांचा बचाव. मुंबईच्या अभ्यासातल्या संमतीच्या कागदांवर अमेरिकन नियामकांनीही बोट ठेवलं. माझ्या मते टीकाकारांचा प्रश्न खरा होता. पण त्याचं उत्तर संशोधन बंद पाडणं हे नव्हे. ज्या बायांनी तपासणीविना आठ वर्षं काढली त्यांच्या जिवावर हा पुरावा उभा आहे, आणि तो कपाटात कुजवत ठेवणारे आपण त्यांचे सर्वांत मोठे देणेकरी आहोत.

संमती हा कागद किती हलक्यात घेतला जातो, ते 2009-10 मध्ये दिसलं. तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदऱ्यात एचपीव्ही लशीचा एक प्रकल्प चालू होता. आंध्रात वसतिगृहात राहणाऱ्या कितीतरी मुलींच्या वतीनं सह्या अधीक्षकांनीच ठोकल्याचं उघड झालं. प्रकल्पातल्या काही मुलींचे मृत्यू झाले. ते लशीमुळे झाल्याचं चौकशीत दिसलं नाही, पण संमती आणि पाठपुरावा या दोन्हींचे वाभाडे निघाले, आणि 2013 मध्ये संसदीय समितीनंही कडक ताशेरे ओढले. एप्रिल 2010 मध्ये सरकारनं ते सगळं थांबवलं. त्या आदेशात एचपीव्ही लशीचा दुसरा एक स्वतंत्र अभ्यासही सापडला, ज्याच्या केंद्रांमध्ये बार्शी आणि पुणेही होतं. तिथे दोन डोस पुरतात की तीन लागतात हे पाहायचं होतं. मधेच थांबल्यामुळे हजारो मुलींना एकच डोस मिळाला. संशोधकांनी त्या मुलींचा माग सोडला नाही. वर्षानुवर्षं नमुने घेतले, आणि दिसलं असं की एका डोसनंही कर्करोगाला कारण होणाऱ्या दोन मुख्य विषाणूंपासून जवळजवळ तेवढंच संरक्षण मिळतं, नव्वद टक्क्यांच्या वर. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एक डोस चालेल असं म्हटलं, त्यामागच्या पुराव्यात या आपल्या मुलीही आहेत. त्या एका निष्कर्षानं लशीचा खर्च कितीतरी कमी झाला. आता एचपीव्हीची लस पुण्यातही बनते, सीरमची ‘सर्वाव्हॅक’.

म्हणून पुढच्या वेळी गावात कुणी संशोधनाचं नाव घेऊन आलं, तर हाकलून देऊ नका आणि निमूट अंगठाही देऊ नका. बसवा, चहा द्या आणि विचारा. कागद मराठीत आहे का? त्याची प्रत मला मिळेल का? मी नाही म्हटलं तर माझे नेहमीचे उपचार बंद होतील का? मधेच सोडता येईल का? काही बिघडलं तर दवाखान्याचा खर्च कोण करणार? नैतिक समितीचा फोन नंबर कोणता? औषधांच्या चाचण्यांसाठी 2019 चे नियम आहेत, त्यात नुकसानभरपाईची तरतूद आहे. अशा प्रत्येक चाचणीची नोंद सरकारी नोंदवहीत करावी लागते आणि ती कुणालाही पाहता येते. गावातल्या कॉलेजला जाणाऱ्या पोरीनं मोबाइलवर ती उघडून मोठ्यानं वाचून दाखवावी. आणि शेवटचा प्रश्न, जो कुणीच विचारत नाही: निकाल लागल्यावर तो आम्हाला कोण येऊन सांगणार, आणि उपाय सापडला तर तो आमच्या गावात कधी येणार?

पुरुषांनो, तुम्हीही यात आहात. बायकोला तालुक्याला नेऊन आणायचं, दिवसभर पोरं सांभाळायची, ‘कशाला उगाच’ असं म्हणायचं नाही. मुलीच्या लशीबद्दल ‘ही कसली लस, लग्नाआधी कशाला’ अशी कुजबुज पारावर निघाली, तर तिथेच तोंड उघडायचं. लस संसर्गाच्या आधी द्यायची असते, म्हणून ती नऊ ते चौदा या वयात. कावीळ ब ची लस बाळाला देताना कुणी त्याच्या चालचलणुकीचा विचार करतं का?

आशाताई आणि सिस्टर यांच्यावर सगळं ढकलून मोकळं होण्याची आपली सवय आहे, म्हणून त्यांच्या बाजूनंही दोन शब्द. सरकारी मार्गदर्शक सूचना 2016 पासून आहेत. तीस वर्षांवरच्या बायकांची दर पाच वर्षांनी व्हिनेगर तपासणी, सोबत तोंड आणि स्तनांची. कागदावर सगळं आहे. पण उपकेंद्रात टेबल मोडकं, स्पेक्युलम निर्जंतुक करायची सोय नाही, उजेडाला मोबाइलचा टॉर्च, आणि सिस्टरच्या माथी डझनभर रजिस्टरं. तिला आठवडाभर कुणा अनुभवी हाताखाली ठेवून शिकवलं का? डाग दिसला तर बाईला नक्की कुठे पाठवायचं, हे तिला ठाऊक आहे का? बार्शीत 1987 पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू आहे, डॉ. नेने आणि डॉ. कस्तुरी जयंत यांच्या चमूनं तेव्हा गावोगाव माहिती सांगत फिरून दाखवून दिलं होतं की नुसत्या समजावण्यानंही बाया लवकर येऊ लागतात. हे काम माणसांनी करायचं आहे आणि माणसं आपल्याकडे आहेत. टेबल, दिवा, प्रशिक्षण आणि पुढे पाठवायची सोय, एवढं त्यांच्या हाती द्या.

ते मिळवायचा रस्ता ग्रामसभेतून जातो. ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते, असा आपल्याकडे कायदा आहे. बहुतेक गावांत ती रजिस्टरात सह्या गोळा करून ‘होते’. या वेळी ती खरीखुरी भरवा. बचत गटाच्या अध्यक्षबाईंनी निरोप द्यावा, आणि हळदीकुंकवाला जमता तशा सगळ्या जमा, विधवा आयाबायांनाही मानानं बोलावून. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना समोर बसवा. गावात तीस ते पासष्ट वयाच्या बायका किती, गेल्या वर्षी त्यांतल्या कितींची तपासणी झाली, कितींमध्ये दोष निघाला आणि त्यांचं पुढे काय झालं, हे चार आकडे फळ्यावर लिहायला सांगा. नावं नकोत, आकडे हवेत. आकडे नसतील तर ‘नाहीत’ असं लिहायला सांगा. मग ठराव घाला: उपकेंद्रात टेबल, दिवा आणि पडदा, महिन्यातून एक ठरलेला वार, जिल्ह्यात एचपीव्ही तपासणी सुरू करण्याची मागणी, दोष निघालेल्या बाईला गाडीची सोय, आणि दर सहा महिन्यांनी हेच चार आकडे पुन्हा सभेपुढे. सूचक बाई असावी, अनुमोदकही बाई. ग्रामसेवक म्हणेल, ‘विषयपत्रिकेत नाही.’ त्याला म्हणा, घाला. ठराव एकमतानं झाला की सही-शिक्क्याची प्रत तिथल्या तिथे मागून घ्या, एक तालुका आरोग्य अधिकाऱ्याला, एक जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला, आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.